तिसऱ्या मजल्याचं गिऱ्हाईक

किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात वरच्या मजल्यावर राहायला माणसं राजी नव्हती. जमीन हलली तर पळायचं कसं, म्हणून ज्याला त्याला तळमजलाच पायजे. त्या धास्तीपायी तिसरा मजला स्वस्तात मिळत होता, आणि डाळमिलीत मुकादम असलेल्या धोंडप्पांनी तो घेऊन टाकला. त्यांच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी, तेव्हा केवढा मिरवला होता तो फ्लॅट! वारा काय, उजेड काय, विचारूच नका.

आता सगळं उलटं झालंय. लोकांना सातवा मजला चालतो, दहावाही चालतो, फक्त लिफ्ट पायजे. गाडीला जागा पायजे, गेटवर वॉचमन पायजे. काकूंच्या बिल्डिंगीत यातलं काहीच नाही. त्यात गेल्या दिवाळीत धोंडप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून माणूस खाली उतरलेला नाही. हा फ्लॅट विकायचा आणि कुठंही, पण जमिनीलगत दोन खोल्या घ्यायच्या, एवढ्यासाठी काकूंचा जीव टांगणीला लागला होता.

गिऱ्हाइकं यायची. धापा टाकत वर पोचायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि पलंगावरच्या धोंडप्पांकडं बघून काढता पाय घ्यायची. शेवटी एजंट विरूपाक्षनं काकूंना बाजूला घेतलं. म्हणाला, रागावू नका, पण घरात आजारी माणूस दिसला की लोक म्हणतात वास्तू लाभत नाही. दाखवायच्या वेळी काकांना जरा हलवा. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी घर विकायचं त्यालाच लपवायचं? मेल्यांनो, तुमच्या घरात कुणी आजारीच पडत नाही वाटतं! पण करतात काय, गरज त्यांची होती.

पोरीच्या क्लासपायी लातुरात घर बघणारं नांदेडचं एक जोडपं यायचं ठरलं. खालच्या मजल्यावरच्या भीमाशंकरनं तालमीतले मित्र आणले. चौघांनी धोंडप्पांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं, चहाच्या टपरीशेजारी लिंबाखाली बसवलं. वर त्या बाईला स्वयंपाकघर आवडलं, गॅलरी आवडली. काकूंनी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नवसही बोलून टाकला. मग बाई म्हणाली, घर छान आहे हो, पण सासूबाई सोबत राहणार, त्यांचे गुडघे गेलेत. लिफ्ट असती तर घेतलंच असतं.

जोडपं गेलं. विरूपाक्ष जिन्यातच थांबला.

“काकू, खरं सांगू का, आता आणू कुणाला? माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक न्हाई.”

एवढं बोलून तो निघून गेला. काकू कठडा धरून, रडू दाबत उतरल्या. आता ह्यांना काय सांगू, हाच एक विचार डोक्यात होता.

खाली धोंडप्पा बशीतनं चहा पीत होते. मिलमधला जुना हमाल भेटला होता, त्याच्या कसल्याशा बोलण्यावर ते वाकड्या तोंडानं हसत होते. दिवाळीपासून काकूंनी ते हसू बघितलं नव्हतं.

पोरं खुर्ची उचलायला वाकली, तसा धोंडप्पांनी धडधाकट उजव्या हातानं काकूंचा पदर धरला. जड जिभेनं विचारलं,

“गिऱ्हाईक परत कधी येनार हाय?”

भीमाशंकरनं मान फिरवली.

“उद्या,” काकू म्हणाल्या. “उद्याच येनार हाय.”