डोक्याला विचारून

माझं डोकं दुखायला लागलं की आमच्या तळावरची माणसं आधी आभाळाकडं बघायची, मग मेंढरांकडं, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं. हे मी रागानं लिहितेय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. राग आहेच.

आम्ही मेंढपाळ. पालमच्या बाजूला एक खोपट होतं, पण ते बहुतेक बंदच असायचं. आम्ही गंगेच्या काठाकाठानं हिंडत असायचो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, ज्वारी आम्हाला, की पुढचं गाव. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावागावांत नवा झेंडा, नवे साहेब आले होते म्हणे. मेंढरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फारसं नव्हतं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना हे दुखणं मागं लागलं. सुरुवात डोळ्यात व्हायची. डाव्या डोळ्यापुढं करवतीच्या दातांसारखं काहीतरी चमकायला लागायचं आणि समोरच्या माणसाचं अर्धं तोंड नाहीसं व्हायचं. मायचा एक डोळा दिसायचा, दुसऱ्याच्या जागी नुसता लखलखाट. मग ते चमकणं विझायचं आणि थोडा वेळ अगदी बरं वाटायचं. तो वेळ सगळ्यात वाईट. काय येणार हे ठाऊक असायचं आणि पळून जायला जागा नसायची. मग डाव्या कानशिलात घाव बसायला लागायचे. चुलीचा धूर, ओल्या लोकरीचा वास, कुणाचं साधं बोलणं, सगळं घशाशी यायचं.

अर्धशिशी, माय म्हणायची. ती दगडावर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, कानशिलाला चुना फासायची, नाकात कोमट तुपाचे थेंब सोडायची. हे दुखणं सूर्याबरोबर चढतं आणि त्याच्याबरोबरच उतरतं, म्हणून दिवस उगवायच्या आधी मला उगवतीकडं तोंड करून दूध-गूळ खायला घालायची. गुण कशाचा यायचा ते देव जाणे. पण तिचा हात कपाळावर असेपर्यंत आपण मरत नाही, एवढा धीर मला असायचा.

मग ती चैतातली गोष्ट झाली. आमचा तळ आणि दुसरा एक तळ मिळून पुढच्या गावाकडं निघायचे होते. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फुटत होतं. मला उभं राहवेना, घोड्यावर बसवलं तर मी खाली पडले. आबा, म्हणजे माझा बाप, वैतागला. शिव्या देतच त्यानं मेंढरं गावाशेजारच्या आमराईत थांबवली. दुसरा तळ पुढं गेला. दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं आणि गारा पडल्या. उघड्या माळावर त्या लोकांची मेंढरं जागच्या जागी मेली. आमची झाडांखाली वाचली.

संध्याकाळी आबा माझ्याजवळ आला. माझ्या डोळ्यांवर फडकं होतं, तरी त्याच्या अंगाच्या वासानं मी त्याला ओळखलं. तो खाली बसला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला नेला. बापानं मारलेलं मला माहीत होतं, कधीमधी लाड केलेलेही माहीत होते. पण पाया पडलेला बाप मला माहीत नव्हता. मी पाय आखडून घेतले. मला त्याची भीती वाटली, आणि ती पुढं कधीच पुरती गेली नाही.

त्यानंतर रोज सकाळी, मी भाकरी खाल्ली का हे विचारायच्या आधी तो विचारायचा, "डोकं कसंय?" दुखत असलं की तळ हलायचा नाही, किंवा खोलगटातून उठून उंचावर जायचा. दुखत नसलं की मेंढरं हवी तिकडं जायची. जुळलं ते सगळ्यांनी गाठीशी बांधलं, चुकलं ते कुणी मोजलं नाही. आसपासच्या तळांवर बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकदा मी पालात, आमच्या कापडाच्या राहुटीत, पडून ओकत होते, तेव्हा कुठलासा अनोळखी म्हातारा आत डोकावला.

"लय दुखायलंय का? मागल्या बारीपक्षा जास्ती हाय का कमी?" त्यानं विचारलं.

"जास्ती," मी म्हणाले.

"बरं झालं, आधी कळलं," असं म्हणून तो खुशीत निघून गेला.

पुढच्या साली माघात एके दिवशी माय सुंठ उगाळायला बसली, तर आबानं तिच्या हातातला दगड काढून घेतला.

"लेप लावू नगं तिला. लेप लावला की डोकं खोटं बोलंल."

"आन् तिला सोसंना तर?"

"सोसंल. मेंढरं हायेत तर आपण हावोत."

त्या दिवसापासून माझं सुंठ, चुना, तूप सगळं बंद झालं. अंधारात निजवायचं तेवढं राहिलं, कारण उजेडात मी किंचाळायची आणि मेंढरं बुजायची.

मायनं मात्र मनात काय ते ठरवलं होतं. लोकर विकायचं निमित्त करून ती मला पालमच्या बाजाराला घेऊन गेली. बाजाराच्या कडेला झाडपाला विकणारी एक म्हातारी बसायची. तिनं वाळलेलं कडू दोडकं भिजवलेलं पाणी माझ्या नाकात सोडलं. मेंदूत निखारा पडल्यासारखं झालं. नाकातून पिवळं पाणी कितीतरी वेळ गळत राहिलं. माय माझं डोकं मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि माझ्याहून जास्त रडत होती. परतताना ती एवढंच म्हणाली, "आबाला सांगू नगंस."

आणि डोकं थांबलं. त्या पाण्यानं थांबलं की आपोआप, मला आजही सांगता येणार नाही. पण तो सगळा उन्हाळा मी मोकळी होते. पोटभर जेवले, उन्हात पळाले, कोकरं खांद्यावर घेऊन नाचले. इतकं सुख मला पुढं लग्नातही झालं नाही. आबाही निवांत होता. "डोकं गप हाय, म्हंजे आभाळ गप हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मृग लागला. मृग लागल्यावर नदीच्या पात्रात तळ ठेवायचा नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण काठावर चारा नव्हता आणि पात्रातल्या गाळावर हिरवं गवत उगवलं होतं. आबानं मला विचारलं. मी म्हणाले, दुखत न्हाई. खरंच दुखत नव्हतं. आम्ही पात्रातच राहिलो.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ऊन पडलं होतं. पाऊस वर कुठंतरी, पैठणाकडं की त्याच्याही पलीकडं, पडून गेला होता. आधी फेस आला, मग काडीकचरा, मग तांबडं पाणी. मोठी मेंढरं हाकलत आम्ही काठावर चढवली. कोकरं वाघरीत होती. वाघर म्हणजे आमचं जाळीचं कुंपण. तिचे खुंटे उपटायला आबा मागं फिरला, तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं. तळावरच्याच माझ्या चुलत्यानं त्याला धरून ओढलं नसतं तर तोही गेला असता. वाघर कोकरांसकट गेली.

कोकरांच्या आया काठावर उभ्या राहून पाण्याकडं तोंड करून ओरडत राहिल्या. त्यांचे सड तटतटले होते. माय एकेकीला धरून मातीवर दूध पिळून टाकत होती. दुपारी आबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे कपडे अंगावरच वाळले होते.

"डोकं कस्काय गप राह्यलं?" त्यानं विचारलं.

मायनं सगळं सांगितलं. बाजार, म्हातारी, कडू दोडकं. मला वाटलं, आता हा तिला जिवंत ठेवत नाही. पण आबानं हात उचलला नाही. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. हरवलेलं जनावर कुठं सापडेल याचा विचार करताना तो असाच बघायचा.

पाऊस शेकडो मैलांवर पडला होता. औषध केलं नसतं तरी माझ्या डोक्याला त्याचा पत्ता लागला नसता. एवढी साधी गोष्ट. पण तळावर ती बोलणारं कुणी नव्हतं, मीही नव्हते. आपल्या डोक्यानंच दगा दिला असं मलाही वाटत होतं.

"ते परत आणावं लागंल," आबा म्हणाला.

पुढं कितीतरी वर्षांनी परभणीच्या एका डॉक्टरनं मला सांगितलं, बाई, उपाशी राहू नका, उन्हात बोडक्यानं हिंडू नका, झोप मोडू नका, उग्र वासापासून लांब राहा. मी हसायला लागले. डॉक्टर बिचारा गोंधळला. त्याला काय सांगणार, की हे सगळं माझ्या अडाणी बापाला तोंडपाठ होतं? माय मला कशाकशापासून जपते ते बघून बघून त्यालाही कळलं होतं, माझं डोकं कशानं उठतं. तो मला झोपेतून लवकर उठवायचा. भाकरी द्यायचा नाही. ऊन तापलं की उघड्यावर बसवायचा, डोक्यावरचं फडकं काढून घ्यायचा आणि वाऱ्याच्या बाजूला लोकरीच्या चिंध्या जाळायचा. हे तो रागानं करत असता तर मी त्याला कधीच माफ करून टाकलं असतं. तो भक्तीनं करायचा. मधूनमधून माझ्यापुढं बसून हळूच विचारायचा, "आलं का गं? आलं का?"

आणि ते आलं. डोळ्यापुढं दात चमकले, आबाचं अर्धं तोंड गेलं. मी ओरडले तसं त्याच्या उरलेल्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं हात जोडले. तळ लगेच उठून उंचावर गेला. पाऊस आलाच नाही. आपण उठलो म्हणून टळला, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग हे दर दोन-चार दिवसांनी व्हायला लागलं. मी हडकले. सकाळी आबाच्या पायांचा आवाज आला की मला उन्हाच्या आधीच चक्कर यायची. मायनं हातापाया पडून पाहिलं, उपाशी बसून पाहिलं. तो म्हणायचा, "कोकरं बघितलीस न्हवं?"

एका सकाळी आबानं मला बाहेर बसवलं, तर माय पालातून झोकांड्या खात आली, माझ्याशेजारी मातीत पडली आणि डावं कानशील धरून तिनं अशी किंकाळी फोडली की कुत्री भुंकायला लागली.

"माझ्यात आलंय," ती म्हणाली. "पोरीच्या डोक्यातून निघालं आन् माझ्यात शिरलं. अर्धं तोंड दिसंना मला तुमचं!"

ती ओकली. तोंडात बोट घालून ओकली ते मी पाहिलं, आबानं नाही पाहिलं. चुलता म्हणाला, असं होतं, मायलेकीचं रगत एकच. आबा माझ्याकडं वळला.

"तुजं दुखायलंय का?"

मायच्या बोटांच्या फटीतून तिचा डोळा माझ्यावर रोखलेला होता. तिनं मला याआधी कधी मारलं नव्हतं, पण मी 'हो' म्हणाले असते तर त्या नजरेनंच मारलं असतं.

"न्हाई," मी म्हणाले. "जरा सुदिक न्हाई."

आबानं मला उन्हातून उठवलं आणि भाकरी दिली.

माझं लग्न होऊन मी पाथरीकडं जाईपर्यंत ते डोकं मायच्याच नावावर राहिलं. उपास तिला, ऊन तिला, जळक्या लोकरीचा धूर तिला. बाकीच्या दिवसांचं आता फारसं आठवत नाही. एक दिवस मात्र विसरू म्हणता विसरत नाही. मावळतीकडून ढग चढत होते. माय उन्हात कण्हत बसली होती. मी पालाच्या तोंडाशी जात्यावर ज्वारी दळत होते, आणि खुंट्यावरचा माझा हात मला अर्धाच दिसायला लागला.

मी उठून मायला पाणी द्यायला गेले. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं.

"आलंय न्हवं?" ती ओठ न हलवता म्हणाली.

मी मान हलवली. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल.

"निजू नगंस. फडकं बांदू नगंस. जा, वव्या म्हण."

"म्हणवत न्हाई गं माय."

"मोठ्यानं म्हण. आबाला ऐकू गेलं पायजे."

मी परत जात्याशी बसले. पहिली ओवी म्हटली, तेव्हा माझाच आवाज कानशिलात खिळ्यासारखा गेला. दुसरीला डोळ्यांपुढं काहीच राहिलं नाही, खुंटा चाचपून धरावा लागला. पलीकडं आबा चुलत्याशी बोलत होता. "ऐक, कशी गाऊलालीय," तो म्हणाला. "लेकरू सुटलं बग माजं." त्याच्या आवाजात खरा आनंद होता, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं. तोंडाशी आलेलं मी गिळलं, मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि तिसरी ओवी आणखी वरच्या आवाजात सुरू केली.