मी वाढवलेलं आयुष्य

आयुष्य वाढवायचं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही म्हणतात. मी मात्र एका माणसाचं आयुष्य तीसेक वर्षांनी वाढवलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीआधी.

तेव्हा मी तलासरीकडच्या पाड्यांवर ओळखपत्रांच्या कॅम्पमध्ये माहिती भरायचो. एका म्हाताऱ्याला वय विचारलं, तर तो म्हणाला, "तूच बघून लाव." मी सुरकुत्या बघितल्या, उरलेले दात बघितले आणि एक जानेवारी ठोकून दिली. साल टाकताना बोट घसरलं की अंदाज, आता आठवत नाही. पुढे कार्डावर त्याची शंभरी भरली तेव्हा गावाने त्याला शाल दिली. टाळ्या मीही वाजवल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईहून एक संशोधक बाई आल्या. दीर्घायुषी माणसं काय खातात, हा त्यांचा अभ्यास. म्हाताऱ्याची बोली मला येते म्हणून दुभाष्या मीच. लोखंड गंजतं तसं शरीरही आतून गंजतं, आणि जांभळं-करवंदांतली अँटिऑक्सिडंट्स तो गंज थोपवत असावीत, असं त्यांनी समजावलं. म्हाताऱ्याने नागलीची भाकरी, सुकट, करवंदं असं सगळं सांगितलं. ताडीही सांगितली. ती लिहायची का, यावर बाई जरा अडखळल्या. मग पकड मोजायचं यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते असं आवळलं की बाईंचे डोळे चमकले आणि मला घाम फुटला.

तेवढ्यात शेजारच्या घरातून त्याची बहीण आली. बाईंनी सहज तिचंही कार्ड बघितलं. वय अठ्ठ्याहत्तर. एकशे दोन वर्षांच्या भावाची ही धाकटी बहीण का, असं त्यांनी विचारलं.

"याला मी कडेवर घेऊन फिरलेय," ती म्हणाली.

मग मी कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, फक्त फॉर्मवर आडवी रेघ मारली. परतताना जीपमध्ये मी विचारलं, माझी बायको मला रोज अँटिऑक्सिडंटची गोळी देते, त्या गोळीने तरी आयुष्य वाढतं का?

"तसं सिद्ध झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "करवंदं खा. चांगली लागतात."

पुढच्या आठवड्यात भाऊ-बहीण दोघं माझ्या कार्ड-दुरुस्तीच्या दुकानात आली. त्याला एवढंच विचारायचं होतं, शाल परत करावी लागेल का. नाही म्हटल्यावर तो निवांत बसला. ती मात्र हटून बसली, "मोठी मी. मला एकशे सात लाव." दोघांकडेही जन्माचा एकही कागद नव्हता, त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हतं. कागदावर तो अजून तिचा थोरला भाऊ आहे. त्याला तिने केव्हाच माफ केलं. माझ्याशी अजून धड बोलत नाही.