नाक माझं, नथ तिची

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, असं नाही, तोंडातला चहा गिळा आणि मग कबूल करा! कारण मला एकदा चोरीच्या आळावरून पकडलं होतं. मला! बँकेतल्या माणसाला! तेही बनारसमध्ये, भर मेळ्यात.

पुण्याहून माझी बदली तिकडे झाली तेव्हाची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ब्रह्मा घाटावर नानाशास्त्रींच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. नानांचं घराणं पिढ्यान् पिढ्या काशीतलं. घरात नाना आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मराठीच बोलायचे, पण दर चौथा शब्द हिंदी. माणूस अत्यंत सज्जन. आणि अशा सज्जन माणसाच्या ओसरीवर बसून मी रोज संध्याकाळी काय करत होतो? त्यांच्या शहराला नावं ठेवत होतो.

मी सगळं वाचून आणि ऐकून गेलो होतो ना! बनारसचे ठग, बनारसचे खिसेकापू. म्हणजे मी त्या शहरात पाऊल ठेवायच्या आधीच त्याचा निकाल लावून ठेवला होता.

त्यात आली नक्कटैया. रामलीलेत राक्षसिणीचं नाक कापतात ना, त्या प्रसंगाची ही मिरवणूक. चेतगंजच्या रस्त्यावर निघते आणि सगळं शहर लोटतं. आता मला सांगा, ज्या शहरात नाक कापण्याचा उत्सव करतात, तिथे खिसा कापायला कोणाची परवानगी लागणार आहे?

मी नानांना स्पष्टच विचारलं, "नाना, तिथे चोर किती असतील हो?"

"चोर?" नानांना वाईट वाटलं. "अहो आपटे, आपल्या इकडचा माणूस मेल्यात चोरी नाही करत. चोर सगळे बाहरचे. गंगेच्या उस पारहून येतात."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चोर दुसऱ्या जिल्ह्यातून येतात. दूधवाल्याच्या मते ते रेल्वेने येतात. पण कुठून, ते त्याला माहीत नव्हतं. एकूण काय, त्या शहरात चोर जन्मालाच येत नव्हते. सगळा माल आयात! मी मनातल्या मनात हसलो. काय भाबडे लोक, म्हटलं.

मेळ्याच्या दुपारी सुमन, म्हणजे आमचं कुटुंब, नऊवारी नेसून आरशासमोर उभी. नाकात नथ. तिच्या आजीची नथ हो! सासूबाईंनी लेकीला देताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "जावईबापू, सोन्याचं काही नाही, पण ही माझ्या आईची. जपा."

"काढ ती," मी ओरडलो.

"का? काकू घालणार आहेत त्यांची."

"काकूंना या चोरांची सवय आहे! नाक कापायच्या मेळ्यात नथ मिरवायची? ओढून नेली तर नाकासकट जाईल!"

ती काही बोलली नाही. नथ काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली. बायको काही बोलत नाही तेव्हा सावध व्हायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही तरी लिहून ठेवा.

शिवाय मी एक युक्ती केली होती. चोर परका माणूस हेरतो, बरोबर? मग परकं दिसायचंच नाही! मुद्दाम पांढरा झब्बा शिवून घेतला होता. खांद्यावर गमछा. झब्ब्याच्या उजव्या खिशात नथ. चाललो मी अस्सल बनारसी होऊन. नाना बघून म्हणाले, "वा! एकदम रामलीलेतले वाटता." मी ती स्तुती समजलो.

चेतगंजला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मिरवणूक यायला अवकाश होता, पण रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. छतांवर बायका, खिडक्यांत बायका, रेवड्यांचे ठेले, पिपाण्या. आणि कर्ण्यावरून एकच घोषणा, "बाहर से आए जेबकतरों से सावधान! बम्बई की तरफ़ का गिरोह आया हुआ है!"

बघा, म्हटलं. खिसेकापूंच्या टोळीसाठी मुंबईसुद्धा सोडली नाही!

नाना, काकू आणि सुमन एका ओळखीच्यांच्या ओट्यावर चढले. मी खालीच राहिलो. का? तर चोरांवर नजर ठेवायला! कोणी नेमलं होतं मला, देव जाणे. मी येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारून बघत होतो. इतक्यात मागून लोंढा आला आणि मी ओट्यापासून पार रस्त्याच्या मध्यात जाऊन पडलो. पडलो म्हणजे काय, पडायलाही जागा नव्हती. उभाच चेपलो गेलो.

पहिला विचार, नथ! हात अंगाशी दाबलेला. कसाबसा सरकवत खाली नेला, खिसा सापडला, आत घातला. आणि काय सांगू? रुमाल नाही! नथ नाही! त्याऐवजी हाताला लागली पानाची पुडी.

मी जन्मात पान खाल्लेलं नाही हो! माझ्या खिशात पान आलं कुठून? क्षणात सगळा कट माझ्या लक्षात आला. काय हुशार चोर! नथ काढून घेतली आणि खिसा हलका लागू नये म्हणून वजनाला पुडी ठेवून गेला! मनातून त्याच्या कसबाला मी दादच दिली.

आणि मग बोंबललो, "चोर! चोर! मेरा खिसा! मेरा खिसा कापला!"

आता इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. तिकडच्या बोलीत 'खिस्सा' म्हणजे गोष्ट. आपला किस्सा.

माझ्या अगदी कानाशी एक भारदस्त आवाज आला, "खिस्सा बाद में सुनइहा गुरू, पहिले हमरे जेबा से हाथ त निकाला!"

मी मान वळवली. शेजारी एक आडदांड गृहस्थ. अंगात पांढरा झब्बा. खांद्यावर गमछा. आणि त्याच्या डाव्या खिशात, मनगटापर्यंत, माझा उजवा हात!

काढू म्हटलं तर गर्दीत हात निघेना. तोवर त्याने मनगट धरलं होतं. "हाथ हमरे जेबा में, अउर चोर-चोर भी तोहीं चिल्लात हउवा?"

"नाही, नाही! मला वाटलं हा माझाच खिसा!" घाबरलो की माझी हिंदी पळते, मराठी तेवढी उरते. ती मराठी ऐकली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, ई त बम्बई वाला हौ! गिरोह पकड़ा गइल!"

झालं! लोकांचे चेहरे इतके उजळले की काय सांगू! चोर बाहेरचाच असतो, हे ते वर्षानुवर्षं सांगत होते आणि आज तो प्रत्यक्ष हजर झाला होता. एक जण म्हणाला, मघापासून हाच लोकांकडे टक लावून बघत होता. दुसऱ्याला माझा कोरा झब्बा खटकला, "भेस बदल के आयल हौ!" यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे माझं दुर्दैव.

मला मारलं नाही, हे मात्र सांगायला हवं. मी त्यांच्या शहराचा निकाल जेवढ्या झटकन लावला होता, तेवढ्या झटकन त्यांनी माझा लावला नाही. त्या आडदांड गृहस्थाने हात आडवा धरला आणि मला जवळच्या पोलीस चौकीत नेऊन बसवलं.

चौकीत हवालदार होता. त्याला तिकडे दीवानजी म्हणतात. तो शांतपणे बाकावर रेलून म्हणाला, "हाँ भाई साहब, अब आराम से खिस्सा सुनाइए।"

मी माझा खरा खिसा दाखवायला उठलो. मोठ्या ऐटीत उजव्या खिशात हात घातला. म्हटलं, आता नथ काढून यांच्या तोंडावर धरतो!

खिसा रिकामा होता.

आता मात्र मी डावा खिसाही उलटा करून झटकला. थट्टा गेली खड्ड्यात. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला, सुमनचा आला. तिला घालू दिली असती तर निदान तिच्या नाकात तरी असती! मी खरंच रडकुंडीला आलो. "दीवानजी, मेरी पत्नी की नथ! सच में चोरी हुई!"

"नथ पत्नी की," दीवानजी म्हणाले, "तो आपकी जेब में काहे?"

"चोरों के डर से मैंने उतरवा ली।"

दीवानजींनी त्या आडदांड गृहस्थाकडे पाहिलं. "माने, पत्नी की नथ भी यही ले गए थे।"

इतक्यात, मला धरून नेताना ओट्यावरून पाहिलेले नाना धापा टाकत दारातून आले. कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "दीवानजी, ये बाहर के नहीं हैं। हमारे ब्रह्मा घाट के हैं। घर के आदमी हैं।"

महिनाभर ज्या माणसाच्या गावाला मी चोर ठरवत होतो, तो मला घरचा म्हणत होता. खरं सांगतो, मला भरून आलं. लगेच नाना खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "बस, थोड़े सनकी हैं।" मग ते भरून आलेलं जरा ओसरलं.

नानांच्या मागोमाग सुमन आली. आणि तिच्या नाकात काय होतं? नथ!

"ही... ही कुठे सापडली?"

"सापडेल कशाला? तुमच्याच खिशातून काढली," ती म्हणाली. "ओट्याखाली उभं राहून तुम्ही लोकांवर डोळे वटारत होतात ना, तेव्हा. म्हटलं, यांच्याजवळ राहिली तर नक्की जाणार. खुशाल हात घातला, रुमाल काढला. तुम्हाला पत्तासुद्धा नाही!"

नानांनी याचं हिंदी करून सांगितलं. काय गरज होती?

दीवानजी पोट धरून हसले. तो गृहस्थही हसला. त्याने खिशातून ती चेपलेली पुडी काढली, त्यातलं जरा शाबूत राहिलेलं पान मला दिलं आणि म्हणाला, "खा गुरू, एतना मेहनत कइले हउवा।" जन्मातलं पहिलं पान मी पोलीस चौकीत खाल्लं.

निघताना दीवानजींनी मला नव्हे, सुमनला हात जोडले. म्हणाले, "भाभीजी, आज इतने बड़े मेले में जेबकतरे दो ही निकले, और दोनों एक ही घर के। फिर भी हम किसको पकड़े बैठे हैं? जिसको काम नहीं आता!"