ज्याचं त्यानं धुवायचं

भाऊ परदेशात असला की घरात चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या येतात, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे आले ते धक्के! थोरला सुनील अमेरिकेत, त्याची मिताली तिकडेच जन्मलेली. दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात ती वडगाव रासाईला यायची आणि आम्हाला हलवून जायची. हे किस्से दोन हजार सालाच्या आसपासचे, ती अकरा वर्षांची होती तेव्हाचे.

*

पहिल्याच दिवशी जेवण झालं आणि मिताली ताट घेऊन मोरीत घासायला बसली!

आई ओरडली, "आगं, पाव्हणी ना तू? ठेव ते!"

"आमच्या घरी ज्याचं त्यानं धुवायचं असतं, आजी. डॅडपण धुतात."

"माझा सुन्या? भांडी घासतो?" आई मटकन खालीच बसली.

मिताली माझ्याकडे वळली. "काका, तुमचं ताट?"

चाळीस वर्षांत घडलं नव्हतं ते त्या दुपारी घडलं. बायको दारात उभी राहून डोळे भरून बघत होती.

*

बुद्धपौर्णिमेला विहारात गेलो. "हिला वांगं म्हणता येत न्हाई, वंदना काय म्हणणार?" पोरं कुजबुजली.

मितालीनं हात जोडले आणि त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हटलं. हेल अमेरिकी, पण एक शब्द चुकेल तर शपथ! कुजबुजणारी पोरं तिसऱ्या शीलालाच अडखळली.

"तिकडं कोण शिकवतं गं?" मी विचारलं.

"डॅड. दर संडेला, गॅरेजमध्ये."

गॅरेजमध्ये! मला आजही भरून येतं.

*

एकदा आईनं विचारलं, "तिकडं आपली मराठी मान्सं भेटत्यात का?"

"गणपतीला भेटतात ना. तिथल्या काकू आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग परत आडनाव. आजी, त्यांना ऐकू कमी येतं का?"

सात समुद्र ओलांडले तरी हेच!

आई एवढंच म्हणाली, "व्हय बाळा. तसंच आसंल."

*

आता कपाचा किस्सा. आमचे वडील, आबा, आणि बागाईतदार आप्पा शाळेपासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर चहा. आप्पा खुर्चीत, आबा पायरीवर. चहा झाला की आबा नळावर आपला कप धुऊन बाहेरच्या खिडकीत पालथा घालायचे. तो कप कधी घरात गेला नाही. आप्पांचा कप त्यांची सूनबाई आत न्यायची. मी यावरून एकदा भांडलोही होतो. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एवढ्यासाठी दोस्ती तोडू व्हय?"

त्या संध्याकाळी मी आणि मिताली बरोबर होतो. आबांनी कप धुऊन खिडकीत ठेवला. मिताली खूश! "आबा, तुम्हीपण आमच्यासारखेच!"

मग ती वळली. "आप्पा आजोबा, तुम्ही तुमचा कप धुतला नाही?"

दारात सूनबाई थिजली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आबा घाईघाईनं उठले. "चल पोरी, उशीर झाला."

आप्पा हातातल्या कपाकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, नळावर गेले, कप विसळला. परत येताना खिडकीतला आबांचा कपही उचलला आणि दोन्ही कप घेऊन घरात गेले.

आबा परत पायरीवर बसले.

"आबा, जायचं ना?"

"थांब जरा, पोरी."