माहेर विचारणारा डॉक्टर

"मावशी, दोन्ही भावांचं न्हाई जुळलं," असं सांगून डॉक्टरनं माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि ठेच्याला लावून खायला लागला. माझ्या मुलीची मुलगी तेव्हा हैदराबादच्या दवाखान्यात होती. रक्ताचा कॅन्सर औषधानं एकदा हटला होता, तो परत आला होता. "हाडातलं बियाणंच नासलंय. दुसऱ्याचं पेरावं लागतंय. आईबापाचं अर्धंच जुळून राहिलंय, पुरं जुळणारं पायजे," एवढं बोलून त्यानं कांदा मागितला. वाईट बातमी सांगताना भूक लागणारा माणूस मी साऱ्या मराठवाड्यात हा एकच पाहिला.

हा माझ्या जळकोटच्या शेजारणीचा थोरला. परदेशात राहून याच एका रोगाचा अभ्यास केला, पुढं हैदराबादेत मोठा डॉक्टर झाला, पण महिन्याला एकदा लातूर-नांदेडकडं येऊन गावोगाव हिंडायचा. कुणाच्या लग्नाला गेला तर अक्षता टाकायच्या आधी नवरीच्या आजीचं माहेर विचारायचा. उदगीरच्या एका पंगतीत वरबापानं घास घ्यायला तोंड उघडलं, तर यानं कापसाची काडी त्याच्या गालात फिरवून पुडीत घातली. वरबाप जेवण सोडून उठला. कुणाच्या पेशी कुणाला जुळतील ते यातून कळतं म्हणे. स्वतःच्या लग्नाची तर त्यानं दोनदा माती केली. मुलगी बघायला जायचा आणि चहा येईपर्यंत कागदावर तिची पणजी आणि याची पणजी सख्ख्या बहिणी काढून दाखवायचा. त्याच्या आईनं शेवटी नाद सोडला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं ओसरीवर लांबच लांब कागद पसरला आणि आमचं घराणं मांडायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी म्हणाले, "बाईलाच गोल का रं?" म्हणाला, "रीतच हाय."

"कुणी घातली?"

"पुरुषांनीच घातली आसंल. तुम्ही नावं सांगा."

मी सांगत गेले. चार पिढ्यांच्या लेकी कुठं दिल्या, सुना कुठून आणल्या, सगळं मला पाठ. एका चौकोनावर त्यानं बोट ठेवलं. "तुमच्या ल्योकाला बायको न्हवती का, मावशी?"

"होती. गेली."

गेली नव्हती, मी घालवली होती. आमचं साटंलोटं होतं. माझी मुलगी मुखेडच्या घरात दिली, आणि जावयाची बहीण माझ्या मुलाला केली. सुनेला मुलगी झाली तसं मी तिला घालूनपाडून बोलायला लागले. एक दिवस ती लेकीला घेऊन निघाली. तिला ठेवून घेतलं तर आम्ही सोयरीक मोडू या भीतीनं मुखेडकरांनीही दार उघडलं नाही. ती इस्लापूरला अंगणवाडीत कामाला लागली. दोन्ही घरांत तिचं नाव बंद झालं.

शेवटी हे सारं त्याला सांगितलं. डॉक्टर एवढा चिडलेला मी एकदाच पाहिला. "दोघी पोरींचे आजी-आजोबा चारीच्या चारी तेच. आन् तुम्ही हे मला आत्ता सांगून राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं इस्लापूर गाठलं. वाटेत त्यानं कंडक्टरच्या आईचं माहेर विचारून घेतलं. मी दाराची कडी वाजवली. सून म्हणाली, "या डॉक्टर. तुम्ही बी बसा." पूर्वी मला आत्याबाई म्हणायची.

डॉक्टर म्हणाला, "ताई, मावशीनं तुम्हाला घालवलं ते वाईटच केलं. त्यांना काय बोलायचं ते सावकाश बोला, मी बी साथ देतो. आधी लेकीला इचारा."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला हाक मारली. "तुझी आतेबहीण हाय. मामेबहीण बी तीच. लई आजारी हाय. तुझं जुळलं तर देतीस का?"

"ज्यांनी तुला घरात न्हाई घेतलं, त्यांचीच का?"

"त्यांचीच."

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि डॉक्टरपुढं तोंड उघडलं.

जुळलं, पुरं जुळलं. सून लेकीला घेऊन हैदराबादला आली, माझ्या मुलीच्या सोबतीला शेवटपर्यंत राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलली. मी एकदा म्हणाले, घरी चल. ती म्हणाली, "माझी अंगणवाडी हाय," आणि इस्लापूरला गेली.

शेजारीण वारली, तेव्हापासून डॉक्टर जळकोटला येत नाही. तो आजाऱ्याच्या घरी जातो, आणि आमच्याकडं आता आजारी कुणी नाही. सांगायच्या राहिलेल्या पुष्कळ लेकी-सुना मला आठवतात. नांदेडहून गाडी आली की उतरणारी माणसं मी बघून घेते. तो नसतो. इस्लापूरच्या त्या दोघीही नसतात.

नात जगली. आता मुखेडला नववीत आहे.