कबुतरांची जाळी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की हात अडखळतो. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे किराणाची यादी आणि मुलीच्या वह्यांवर तिचं नाव, एवढंच काय ते लिहिलं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. कुणाच्या हाती लागलंच तर चुकांना हसू नये. तोंडाने सांगायला गेले तर मला याहून कमी जमतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते साताऱ्याकडून तरुणपणीच इकडे आले आणि उभा जन्म मार्केटात पोती वाहिली. मिरचीची, धण्याची, हळदीची. त्या वजनाने त्यांची मान पुढे वाकली ती तशीच राहिली. उभ्याने त्यांना समोरच्या माणसाच्या छातीपर्यंतच दिसायचं. आभाळ बघायचं तर आडवं पडावं लागायचं. म्हणून ते गच्चीवर रिकामं पोतं अंथरून उताणे झोपायचे आणि आपली कबुतरं बघायचे.

आम्ही शिरवण्यात राहतो, गावठाणातल्या एका इमारतीत, सगळ्यांत वरच्या खोलीत. घरमालकीण गावातलीच आगरी बाई. तिला आम्ही काकू म्हणतो. गच्चीवर फळ्यांचं खुराडं करायला तिनेच मामांना परवानगी दिली होती. सकाळ-संध्याकाळ मामा कबुतरं उडवायचे. उडवायच्या आधी दाणा द्यायचे नाहीत. उडून झालं की डब्यात ज्वारी खडखडवायची, की सगळी भराभर खाली.

सासूबाई गेल्यावर कबुतरांचं पाणी वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच न्यायला लागले. मामांचं आणि माझं बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "हां". आमच्याकडे सून सासऱ्याशी त्याहून जास्त बोलत नाही आणि मी तर कुणाशीच बोलत नाही. पण पाण्याची बादली ठेवून मी थोडा वेळ तिथे थांबायचे. ते वर बघत पडलेले असायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा मला पूर्ण दिसायचा. एरवी कधी दिसायचा नाही.

मग एका वर्षी दिवाळी झाल्यावर ससाणा आला. रस्त्यापलीकडे सोसायटीचा टॉवर आहे, त्याच्या डोक्यावर मोबाइलचा खांब आहे, त्यावर तो बसायचा. घार घिरट्या घालते, दिसते, कबुतरं तिला फार भीत नाहीत. हा येताना दिसतच नाही. तो कबुतरांच्याही वर जातो आणि उन्हातून खाली येतो.

"दिवाळीला येतोय, शिमग्याला जातोय," मामा म्हणाले. "तवर सांभाळायचं."

त्यांनी खूप उपाय केले. उडवायची वेळ बदलली. बांबूला लाल फडकं बांधलं. जुन्या सीड्या दोरीला लावल्या, चमकतात म्हणून. कबुतरांच्या पायात घुंगरू घातले. तरी दर आठ-पंधरा दिवसांनी एखादं कमी व्हायचं. शेवटी ते मला म्हणाले, "मी बघतो, तू थाळी वाजव." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाजवली. टॉवरच्या खिडक्या उघडल्या.

"ओ मावशी! वर्ल्ड कप जिंकलो काय?" एक पोरगा ओरडला.

"बाळ झोपलंय इथे! रोज काय तमाशा आहे?" दुसऱ्या खिडकीतून एक बाई.

खालून काकू, "वाजव गो वाजव! कोनाचं लगीन हाय?"

मी पदर तोंडावर ओढून वाजवत राहिले. थाळीला कबुतरंच घाबरली. ससाणा खांबावर बसून होता तसाच बसून होता.

रात्री जेवताना माझे मालक विचारायचे, "आज किती राहिली?" त्यांना कबुतरं कधीच आवडली नाहीत. लहानपणी घरात चपलेला पैसे नसायचे आणि कबुतरांना ज्वारी असायची, असं ते म्हणतात. "बरंय त्या ससाण्याचं. आपलं दाण्याचं बिल कमी करतोय."

मामा ताटाकडे बघून जेवायचे. मान तशीच होती, त्यामुळे ते रागावलेत की नाही हे कळायचं नाही.

त्यांच्याकडे एक पांढरी मादी होती, सगळ्यांत जुनी. एका सकाळी मी बादली घेऊन वर गेले तेव्हा मामा पोत्यावर पडले होते आणि थवा टॉवरच्या बाजूला फिरत होता. एकाएकी तो मूठ आवळावी तसा एकत्र आला. वरून एक काळा ठिपका सुटला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने पिसं खाली आली, हळूहळू, एकेक. एक पीस मामांच्या बंडीवर पडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

"पिल्लं हायती तिची," ते म्हणाले.

दोन पिल्लं होती, अंगावर पिवळी लव आलेली. मामा भिजवलेले चणे स्वतःच्या तोंडात चावून त्यांना भरवायचे. एक मेलं, एक जगलं. त्या दिवसांत मामा अर्धी भाकरी टाकून उठायचे. नंतर नुसता चहा घ्यायला लागले. बंडीतून खांद्याची हाडं दिसायला लागली. मालक म्हणाले, वय झालं. मला वाटलं, कबुतरं संपली की हा माणूसही संपेल. हे मी कुणाला बोलले नाही. पण जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मी काकूच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती सुके बोंबील निवडत होती. "काय हवंय गो? खांबासारखी उभी का?"

"काकू, गच्चीवर जाळी बसवायची होती. वरून, बाजूंनी, सगळीकडून."

"कोनाला, तुना कोंडायला?"

"कबुतरांना."

"आनि पैसं?"

मी खाली बघत राहिले.

"तोंड उघड गो. मागायला लाजतेस, मग परत देताना काय करशील?" ती हसली. मग हात धुऊन आत गेली. "व्याज नको मना. दर महिन्याला जमंल तसं दे. पन बुडवू नको, नायतर माजा पोरगा मना खाईल."

जाळी बसवायला आलेला वेल्डर म्हणाला, "ताई, वाघ ठेवताय काय?" लोखंडी अँगल लावून त्याने अर्धी गच्ची बंद केली. मामांनी जाळी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. "भक्कम हाय," म्हणाले. पैसे कुठून आले हे त्यांनी विचारलं नाही. मुलाने दिले असतील असं त्यांना वाटलं असावं. मालक मला म्हणाले, "कबुतरांसाठी कर्ज काढणारी बाई पहिल्यांदा बघतोय. मी एक रुपया देणार नाही, सांगून ठेवतो." त्यांनी दिलाही नाही.

आमच्या गल्लीत बायका हॉटेलांसाठी लसूण सोलतात. ठेकेदाराचा माणूस पोतं टाकून जातो, सोललेला लसूण तोलून पैसे देतो. मीही पोतं घेतलं. लसणाचं पाणी नखांच्या कडेने आत जातं आणि रात्री बोटं पेटल्यासारखी होतात. पण महिन्याला काकूच्या हातावर काहीतरी ठेवता यायचं.

त्या हिवाळ्यात एकही कबूतर गेलं नाही. ससाणा एकदा जाळीवरच येऊन बसला. मी दोन हातांवर होते. डोळ्यांभोवती पिवळं कडं, छातीवर आडव्या रेघा. कबुतरं कोपऱ्यात एकावर एक चढली. तो थोडा वेळ खाली बघत राहिला आणि उडून गेला. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात बसून एकटीच हसले. कबुतरांचं कौतुक म्हणून मी मार्केटात झाडू मारणाऱ्या शेजारणीकडून तिथलं झाडलोटीचं धान्य आणायचे आणि भरपूर टाकायचे. गहू, चणे, मका, असेल ते. मामा बघायचे.

पण ते आता आडवे पडत नव्हते. वर बघण्यासारखं काही नव्हतंच. ते जाळीच्या आत एका डब्यावर बसून राहायचे, मान खाली, पायांपाशी कबुतरं घुटमळायची. कबुतरांनी पंख फडफडवले की आत धुरळा उडायचा. तिथेच त्यांना खोकला लागला. मी म्हणायचे, "मामा, बाहेर बसा." ते म्हणायचे, "हां," आणि बसून राहायचे.

"शिमगा झाला की उघडू," मी म्हणाले.

"हां."

शिमगा झाला. खांब रिकामा झाला. आम्ही जाळीचं दार उघडलं. कबुतरं चालत चालत बाहेर आली आणि कठड्यावर बसली. मामांनी शीळ घातली, टाळ्या वाजवल्या, फडकं हलवलं. ती एक गिरकी घेऊन जाळीच्या माथ्यावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पोत्यावर जाऊन पडले. वर आभाळ होतं, बाकी काही नव्हतं.

"भरल्या पोटी उडत न्हाईत ती," ते एवढंच म्हणाले. माझ्यावर नाही रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी दाणा कमी केला. थोडी हलकी झाली, पण उंच गेली नाहीत. मामांनाही आता जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं.

एका दुपारी मी लसूण पोचवून आले तर जाळी रिकामी. खुराड्याची दारं उघडी, पाण्याचं भांडं पालथं. मला वाटलं ससाणा आला, वेडं मन. मी धावत खाली काकूकडे गेले.

"उरनचा मानूस आलेला टेंपो घेऊन," काकू म्हणाली. "तुजे सासऱ्यानं दिली सगली. पैसं मोजून घेतलं आनि माज्याच हातात दिलं. अर्धं देनं फिटलं तुजं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मी सांगितला. इचारलं त्यानं, सून लसून का सोलतं. मी काय खोटं बोलू?"

मामा खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "का दिलीत?" मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"उडत न्हवती," ते म्हणाले. आणि मग, "जाळीचं देणंबी व्हतं."

त्यातलं खरं कारण कोणतं, ते मी विचारलं नाही. जाळी बसवली नसती तर ससाण्याने एकेक करून नेली असती. बसवली तर अशी सगळी एकदम गेली.

दुसऱ्या दिवशी मी लसूण घेऊन बसले तेव्हा मामांनी पाट ओढला. "दे हिकडं." पोती वाहून त्यांच्या तळहातांचं कातडं असं झालं होतं की लसूण झोंबायचा नाही. ते पाकळ्या दोन तळव्यांत चोळायचे आणि फोलपटं फुंकायचे. या कामाला मान खालीच लागते, त्यामुळे ते माझ्यापेक्षा जास्त सोलायचे. आम्ही थोडं थोडं बोलायला लागलो. एकदा ते म्हणाले, "तुजी सासू म्हनायची, कबुतरांकडं झोपून बघताय, माज्याकडं कवा बघणार?"

"मग तुम्ही काय म्हणायचा?"

"म्हनायचो, तू उडून दाव."

मी हसले. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी हसले नव्हते.

पावसाळा सरता सरता खोकला वाढला. श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "घरात कबुतरं होती का?" मालक म्हणाले, "होती." आणि माझ्याकडे बघितलं. जाळीच्या आत डब्यावर बसलेले मामा मला दिसले, आणि तो धुरळा. मामा परत घरी आले नाहीत.

तेरावा झाल्यावर ठेकेदाराचा माणूस हिशेब द्यायला आला. शेवटच्या दोन पोत्यांचे पैसे राहिले होते. त्यातलं बरंचसं मामांनीच सोललं होतं. काकूचं जेवढं बाकी होतं त्याला ते पुरले. मी ते घेऊन तिच्याकडे गेले.

"ऱ्हाव दे गो," ती म्हणाली. "म्हातारा गेला, आता कसलं पैसं."

मी कुणाचं बोलणं कधी मोडत नाही. त्या दिवशी मोडलं. "घ्या, काकू. त्यांच्या हातच्या कामाचे आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. लुगड्याला हात पुसले, नोटा घेतल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

"झालं," ती म्हणाली. "आता काय बाकी नाय."