सहावी ‘ब’च्या मेथीबाई

मला लिहिता येतं असं मी कधी म्हटलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजच्या अंकासाठी व्यक्तिचित्र दे असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोन आठवडे त्यांना टाळत होतो. शिवाय ज्या बाईंबद्दल लिहितोय, त्यांच्याबद्दल लिहिण्याचा अधिकार आमच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांना आहे, मला सर्वांत कमी. का, ते पुढे येईलच. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाई सहावीला आमच्या वर्गशिक्षिका होत्या आणि चित्रकलेच्या तासाला आमच्या कागदाला कधीही हात लावत नसत. ही गोष्ट इतकी वेगळी होती की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आली. पाचवीत आम्हांला चित्रकलेला जे सर होते ते पेन्सिल हिसकावून घेत, आमचा घोडा खोडून स्वतःचा घोडा काढून देत, आणि त्या घोड्याला दहापैकी आठ मार्क देत. बाई बाकांमधून फिरायच्या त्या दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून. कोणी अगदीच अडला तर स्वतःच्या वहीत तीनचार रेघा मारून दाखवायच्या आणि ते पान लगेच मिटून पर्समध्ये टाकायच्या, म्हणजे कोणाला उतरवून घेता येऊ नये. खोडरबर त्यांच्या तासाला बंद होता. “खोडू नकोस. शेजारी दुसरं काढ,” म्हणायच्या. माझ्या वहीत एकाच पानावर सहा बैल आहेत आणि सहावासुद्धा धड नाही.

मेथीबाई हे नाव लगद्यामुळे पडलं. कार्यानुभवाच्या तासाला त्या जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करायला शिकवत. कागद फाडून दोन दिवस भिजवायचे, पिळायचे, कुटायचे आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची. मेथीने चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात लगद्याची बादली असायची आणि बाईंच्या साडीला, पर्सला, हजेरीपटालाही मेथीचा वास यायचा. त्या जिना चढायला लागल्या की परेश म्हणायचा, “चला, ठेपले आले.” हे त्यांनी एकदा ऐकलं. त्या आठवड्याची मेथी वाटून आणायचं काम परेशकडे गेलं.

माझी आई मात्र वैतागायची. “ही कसली शाला? कागद भिजवून लगदा करतात, मंग लिवायचं कशावर? मना काय समजत न्हाय.” आम्ही खारीगावचे. वडील मिठागरावर कामाला होते, आणि घरात कागद म्हणजे जपून ठेवायची वस्तू होती.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला असे. चित्र असो की लगद्याची वस्तू, त्या वाकून बघायच्या आणि विचारायच्या, “याचं वजन कुठे आहे?” आधी आम्हांला वाटायचं, किलोत सांगायचं. एकदा विद्या म्हात्रेने डोक्यावर हंडा घेतलेली बाई काढली, दिवाळी अंकातल्यासारखी, कमरेत लचकणारी. बाईंनी तिला उठवलं, लगद्याची भरलेली बादली तिच्या डोक्यावर ठेवली, स्वतः बाजूने धरली आणि म्हणाल्या, “चाल दारापर्यंत.” विद्या मान ताठ करून, दात आवळून गेली आणि आली. “आता सांग, तुझ्या बाईच्या हंड्यात पाणी आहे का?” विद्या म्हणाली, “नाही बाई, रिकामाय.” तेव्हा सगळे हसले, विद्यापण. त्या दिवसापासून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं वजन कुठे आहे हे मी बघू लागलो. ती खोड अजून गेलेली नाही.

मुलांच्या वस्तू घरच्यांनी करून द्यायच्या, ही तेव्हाची सरसकट पद्धत होती. दादरहून नव्याने राहायला आलेले एक पालक मुलाबरोबर थर्माकोलचा बंगला घेऊन आले, आत दिवा लागणारा. “दोन रविवार घालवले बाई आम्ही यावर,” ते कौतुकाने म्हणाले. बाईंनी बंगला चारी बाजूंनी नीट पाहिला आणि म्हणाल्या, “छान झालाय. तुम्हांला दहापैकी नऊ. आता ह्याचं काय ते उद्या येऊ दे.” पालक चिडून थेट हेडसरांकडे गेले. बंगला आठवडाभर वर्गाबाहेर पडून होता आणि मधल्या सुट्टीत त्याचा दिवा कोणीतरी काढून नेला.

त्या प्रेमळ होत्या असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही त्यांना घाबरायचो. ‘छान’ हा शब्द त्या पालकांसाठी राखून ठेवत. डबा वर्गातच, खिडकीकडे तोंड करून खात. एकदा मी आणि सुनील रद्दीचे गठ्ठे पोचवायला त्यांच्या घरी गेलो होतो, स्टेशनजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचे यजमान बनियनवर खिडकीत बसले होते. त्यांची कंपनी गुजरातला गेली तेव्हापासून ते घरीच होते, हे आम्हांला नंतर कळलं. आमच्याकडे न बघताच ते म्हणाले, “आता घराचं रद्दीचं दुकान करायचं ठरवलंयस का?” बाई म्हणाल्या, “ठेवा रे तिथे कोपऱ्यात. पाणी प्या.” आम्ही पाणी प्यायलो. यजमान पुढे म्हणाले, “दरवर्षी एप्रिलमध्ये हाकलतात, तरी हिची हौस बघा.”

ते खरं होतं. बाईंची नेमणूक दर जूनला व्हायची आणि एप्रिलअखेर संपायची. ते त्यांचं तिसरं वर्ष होतं.

त्या वर्षी शिक्षण खात्याच्या तपासणीसाठी आमच्या वर्गाने लगद्याची माणसं करायची असं ठरलं. घरातलं एक माणूस, काम करताना. मी वडील केले, लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढणारे. मला ते जमेना. चेहरा सपाट झाला, पाय एक लांब, एक आखूड. हात मात्र इतके मोठे झाले की डोक्यापेक्षा मोठे दिसायला लागले. मिठाने वडिलांच्या बोटांना भेगा पडून ती सुजलेली असायची, तेच करायला गेलो असणार. बाई माझ्या बाकापाशी बराच वेळ थांबल्या.

“वजन कुठे आहे?”

“हातात, बाई.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पुढे गेल्या. ती मान हलवणं म्हणजे काय होतं ते सहावी ‘ब’मधल्या कोणालाही विचारा.

तपासणीच्या आदल्या शुक्रवारी मी हजेरीपट ठेवायला ऑफिसात गेलो, तर आत हेडसर बाईंना बोलत होते. “बाई, ‘अ’ वर्गाच्या वस्तू बघा. देशमुखबाईंनी स्वतः बसून फिनिशिंग केलंय. आणि तुमच्याकडे ही लुळीपांगळी माणसं. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला आला तरच मी तुमचा कायमचा प्रस्ताव पाठवू शकतो. नाहीतर जूनला मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. निदान चारपाच तरी हात फिरवून नीट करा.”

बाई म्हणाल्या, “मुलांची आहेत सर. माझा हात लावणार नाही.”

मी हजेरीपट टेबलावर न ठेवताच परत फिरलो.

त्या दिवशी मला एवढंच कळलं की बाई जाणार, आणि माझ्यासारख्यांच्या वाकड्या कामामुळे जाणार. माझा चुलतभाऊ नंदूदादा गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी माझे वडील पिशवीत घालून घरी आणले आणि रविवारी दुपारी त्याच्याकडे नेले. तो हसला. “काकांना हे काय केलंस रे? हत्तीपाय झालेत हाताला.” त्याने ते हात कापून काढले, नवे लावले, सडपातळ, लांब बोटांचे. चेहऱ्याला नाकडोळे दिले. पाय सारखे केले. तासाभरात माणूस असा उभा राहिला की मलाच त्याच्याकडे बघत राहावंसं वाटलं. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन मी तो टेबलावर ठेवला. मी फार मोठं काम केलंय, असं मला खरंच वाटत होतं.

बाई आल्या, टेबलापाशी थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“हे कोणी केलं?”

“मीच, बाई.”

त्या आणखी काही बोलणार होत्या, पण जिन्यावर हेडसरांचा आवाज आला आणि साहेब आत आले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळी वाकडी माणसं शांतपणे पाहिली, एकदोघांना नावं विचारली, आणि मग माझी वस्तू उचलली. “अरे वा. हे कोणाचं?” मी उभा राहिलो. “तू केलंस? मग आम्हांलाही दाखव बघू. नुसता एक हात करून दाखव.” आणि त्यांनी कोपऱ्यातली बादली मागवली.

मी लगदा हातात घेतला. सगळा वर्ग बघत होता. माझी बोटं जे करू शकत होती तेच त्यांनी केलं. एक जाडा, सुजलेला, बेढब गोळा झाला आणि त्याला पाच बोटं. साहेबांनी तो नंदूदादाच्या हाताशेजारी धरला. हेडसर खाली बघायला लागले.

“बाई,” साहेब म्हणाले, “बाकीची मुलांची आहेत हे दिसतंय. मग हे एकच मधे कशाला घुसवलंत? की मुलाने बाहेरून करून आणलं? तसं असेल तर त्याने आत्ता सांगावं.”

माझं तोंड उघडलं नाही. मी लगद्याचे हात चड्डीला पुसत राहिलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे हात पाठीमागून पुढे आले.

“नाही सर. तो माझा हात आहे. त्याला काही बोलू नका.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या वर्गात गेले. बाईंनी फळ्यावरची तारीख पुसली, परत तीच तारीख लिहिली आणि मराठीचा धडा काढायला सांगितला.

सुट्टीत त्यांनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांचे पहिले हात कुठे आहेत?” मी सांगितलं, टाकून दिले. “ते बरोबर होते,” त्या म्हणाल्या. “मिठात काम करणाऱ्या माणसाचे हात तसेच असतात. हे कोणाचे आहेत मला माहीत नाही.” आणि डबा उघडून खिडकीकडे तोंड करून बसल्या. नंदूदादाचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी ठरवून हेडसरांच्या ऑफिसपर्यंत गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दारात शिपाईकाका होते. “काय रे, काय पाहिजे?” मी म्हणालो, “खडू.” त्यांनी मला दोन खडू दिले. ते घेऊन मी वर्गात आलो.

एप्रिलमध्ये निकाल लागला, सगळे पास झालो. जूनमध्ये सातवीला नवीन सर आले, त्यांनी बादली धुऊन कचऱ्यासाठी ठेवली. बाई कुठे गेल्या हे कोणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते मी, आणि मी त्यांची इमारत टाळून लांबच्या रस्त्याने शाळेला जात होतो.

बारावी झाली, कॉलेजला प्रवेश मिळाला. वडिलांनी पेढे वाटले. शाळेतही द्यायला मला पाठवलं तेव्हा शिपाईकाका भेटले. मी बाईंचा विषय काढला. ते म्हणाले, “त्या ना? दोनतीन शाळांत गेल्या होत्या रे. त्या शाळांतून आमच्याकडे विचारणा यायची, मग हेडसर साहेबांचा तो शेरा कळवायचे, मुलाची वस्तू स्वतः केल्याचा. पुढे कुठे लागल्याचं ऐकलं नाही. आता मीरा रोडला राहतात.” पत्ता त्यांच्याकडे होता.

समोर जायचं धैर्य झालं नाही, म्हणून पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा नंदूदादाच्या नावासकट सगळं लिहिलं, मी कॉलेजात जातोय हे शेवटी लिहिलं, आणि टाकलं. दीड महिना काही आलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. त्यांच्या यजमानांनी लिहिलेलं. ते जसंच्या तसं देतो.

“तुमचे पत्र मिळाले. माझी पत्नी मागील वर्षी फेब्रुवारीत काविळीने वारली. मुलाची वस्तू आपणच करून ठेवली होती असे तिने मलाही सांगितले होते. त्यावरून मी तिला शेवटपर्यंत बोलत राहिलो. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पुन्हा पत्र पाठवू नये.”